पत्र्या, अर्ध्या आणि आमचा उंबरा

माझ्या नातवाचं म्हणणं असं, की चित्रांच्या पुस्तकांतले ते दोघं एकत्र येऊच शकत नाहीत. एक ह्या कंपनीचा, दुसरा त्या कंपनीचा. एक सगळाच्या सगळा यंत्र, दुसरा अर्धा माणूस आणि अर्धा यंत्र. त्यांची दुनियाच वेगळी, आजी, तुला कळत नाही. तो दहा वर्षांचा आहे आणि त्याला कंपन्यांची नावंसुद्धा पाठ आहेत. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुझ्या कंपन्या गेल्या उडत. आमच्या घरात ते दोघं केव्हाच भेटले, आणि तेही मैद्याच्या खळीनं चिकटून. तो हसला आणि परत फोनमध्ये शिरला. म्हणून हे लिहायला बसले. ज्याला ऐकायचं नाही त्याला निदान वाचता तरी येईल.

आमचं किराणा दुकान होतं, लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या अलीकडच्या एका गावात. पुढं दुकान, मागं घर. अप्पा म्हणजे माझे वडील दिवसभर तागडी धरून बसलेले, आणि घरात अव्वाचं राज्य. आमच्याकडं घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालायचं. आईला अव्वा म्हणायचं, मला धाकटा भाऊ अक्का म्हणायचा, आणि रागावायचं असलं की अव्वा कानडीत जायची. सकाळी तिची लिंगपूजा झाल्याशिवाय चुलीला हात लागत नसे. पूजा झाली की कपाळावर विभूतीचे तीन पांढरे पट्टे, आणि मग भाकरीच्या थापेचा आवाज. आमच्याकडची भाकरी कडक, पापडासारखी, मोडली की दुकानात बसलेल्या अप्पांना ऐकू जायची. शेंगांच्या चटणीवर करडीचं तेल ओतून ती खायची. आता दात तसे राहिले नाहीत, पण वास अजून आठवतो, आणि तो आठवला की भूक लागते. वयाचा आणि भुकेचा काही संबंध नसतो.

दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की मी आणि माझा भाऊ बसू, आम्ही दोघं पुड्यांचे कागद कापायला बसायचो. तेव्हा पिशव्या नव्हत्या. साखर, चहा, जिरं, तंबाखू, सगळं कागदाच्या पुडीत जायचं, आणि वर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून पुडीला चार वेढे. त्यासाठी सोलापूरहून रद्दीचे गठ्ठे यायचे. त्यातून मोठे, मधले आणि लहान चौकोन फाडून वेगवेगळे रचायचे हे आमचं काम. बसू ह्यात पटाईत होता. त्याला पट्टी लागायची नाही, नख फिरवलं की कागद सरळ फाटायचा. मी मात्र वाचत बसायची, म्हणून माझी चळत कायम बुटकी.

त्या गठ्ठ्यात कधीकधी चित्रांच्या पुस्तकांची पानं निघायची. ती अप्पांच्या उपयोगाची नव्हती, कारण त्यांचा रंग गुळाला लागायचा. एकदा एका म्हातारबाबांच्या गुळावर निळा डोळा उमटला होता, आणि ते ती ढेप घेऊन परत आले होते. तेव्हापासून रंगीत पानं आमची. पण अख्खं पुस्तक कधी हाती लागलं नाही. कव्हर नसायचं, शेवट नसायचा, पान सात असलं तर आठ नसायचं. एका पुस्तकात एक यंत्रमाणूस होता, तो हिंदीत बोलायचा. डोकं चौकोनी, छातीवर बटणं. दुसऱ्यातला मराठीत बोलायचा. त्याचं डावं अंग माणसाचं आणि उजवं पोलादाचं, आणि अर्ध्या तोंडावर कायम दुःख. त्यांची खरी नावं काय होती ते तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही एकाला पत्र्या म्हणायचो आणि दुसऱ्याला अर्ध्या.

त्यांची गाठ बसूनंच घालून दिली. पत्र्याच्या गोष्टीचं एक पान होतं, त्यात तो एका खोल खड्ड्यात पडतो आणि ओरडतो, 'कोई है?' पुढचं पान नव्हतं. महिनाभर आमचा पत्र्या खड्ड्यात. मग एके दिवशी बसूनं अर्ध्याचं एक पान आणलं, त्यात अर्ध्या कशावरून तरी वाकून खाली बघतोय. बसूनं ते शेजारी ठेवलं आणि म्हणाला, "हा बघ, आला की." झालं. मैद्याची खळ शिजवली, दोन पानं शेजारी चिकटवली, आणि दोन कंपन्यांचं लग्न लागलं. पुढं तर आम्हाला नादच लागला. पानं नसली तिथं कोऱ्या बाजूवर मी चित्रं काढायची आणि बसू गोष्ट सांगायचा. पत्र्या आणि अर्ध्या मिळून चिखलात रुतलेली गाडी काढतात. दोघं पिठाच्या गिरणीवर जातात, तर गिरणी पत्र्याची लांबची बहीण निघते. येळ अमावस्येला दोघं शेतात जेवायला येतात. अर्ध्या आंबील पितो, आणि पत्र्याला अप्पा नरसाळ्यानं करडीचं तेल पाजतात. आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मी म्हणायची पत्र्या जास्त ताकदवान, कारण त्याला दुखत नाही. बसू म्हणायचा, दुखत असून उचलतो तो खरा.

बसूला असं का वाटायचं ते सांगायला हवं. तो दीड वर्षाचा असताना ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला. तेव्हा असं घरोघरी व्हायचं. सहाव्या वर्षी सोलापूरच्या दवाखान्यात त्याच्या मापाचा लोखंडी आधार करून मिळाला. मांडीपर्यंत दोन पट्ट्या, गुडघ्याला कडी, कातड्याचे चार पट्टे, आणि खाली जोडलेला एक जाड काळा बूट. तो चढवला आणि कडी लावली की बसू दोन पायांवर उभा राहायचा आणि चालायचा. खट, घर्र, खट, घर्र. डॉक्टरनं दिवसभर घालायला सांगितलं होतं. पण तो बूट कातड्याचा. आणि कातडं आमच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही, मग ते कुणाच्याही पायात असो. अप्पांच्या वहाणा दुकानाच्या पायरीवर, पाहुण्यांच्या रस्त्यालगत, आणि बसूचा पाय बाहेरच्या खुंटीला. घरात तो बसल्याबसल्या हातांवर सरकत फिरायचा, आणि इतक्या चपळाईनं, की आम्हाला त्यात काही वावगं वाटेनासंच झालं. अव्वा दुष्ट नव्हती हो. त्याच्यासाठी ती सोमवार धरायची. पण पायातलं ते पायातलं, एवढं तिला ठाऊक होतं, आणि आम्हालाही.

मागच्या वर्षी माझ्या दोन्ही गुडघ्यांत धातूच्या वाट्या बसवल्या. बसू भेटायला आला तो स्वतःची गाडी चालवत, आणि दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाला, अक्का, आता तू पण अर्ध्या झालीस. मी घरी आले ती त्या वाट्यांसकट देवघरापर्यंत गेले. कुणी अडवायचा प्रश्नच नव्हता, त्या आत आहेत ना, दिसत नाहीत.

तर शाळा. एका खोलीत दुसरी आणि चौथी, गुरुजी एकच. जमीन मातीची; आम्ही मुली शनिवारी शेणानं सारवायचो, म्हणून पायातलं बाहेर. दाराशी चपलांची रांग लागायची असं मात्र कुणी समजू नये. पोरं सगळी अनवाणीच यायची. दाराबाहेर दोनच गोष्टी असायच्या, गुरुजींच्या वहाणा आणि बसूचा लोखंडी पाय. वर्ष-दीड वर्ष तसंच चाललं. मी त्याला घेऊन जायची, दारात पट्टे सोडायची, तो हातांवर सरकत आपल्या जागेवर जाऊन बसायचा. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत दोन मोठ्या पोरांनी तो आधार उचलला. एकानं त्यात आपला हात घातला आणि खट, घर्र करत सगळ्या मैदानात फिरला. पोरं हसून लोळायला लागली. बसू खिडकीच्या गजाला धरून बघत होता. मी धावत जाऊन तो हिसकावून आणला, त्या पोराला दोन ठेवून दिल्या, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बसूचं पोट दुखलं. तिसऱ्या दिवशी डोकं. आठवड्यानं त्यानं कारण द्यायचंही सोडलं, नुसता न्हाय म्हणायला लागला. अप्पांनी समजावलं, पेढ्याचं आमिष दाखवलं. मग एक दिवस त्यांच्याच तोंडून निघालं, की नसंल जात तर राहू द्या, दुकान हायच की त्याला, पुड्या तर माझ्यापेक्षा चांगल्या बांधतो. अव्वा आपली भाकरी थापत राहिली, म्हणजे तिलाही ते पटलं असणार. बसूही हसला. मला मात्र ते रुचलं नाही. वर्गात त्याच्याइतकं पटकन वाचणारं दुसरं पोरगं नव्हतं, आणि ते आता जन्मभर जिऱ्याच्या पुड्या बांधणार, हे माझ्या डोळ्यांसमोर ठरत होतं, सगळ्यांच्या मायेनं.

मला जे येत होतं ते मी केलं. शाळेतून आले की मी पानं घेऊन त्याच्याजवळ बसायची. म्हटलं, गोष्ट मोठी करू, मोठी गोष्ट एकट्याला पुरी होत नाही, मग येईल शाळेत माझ्या मागं. ह्या वेळी बसूनं दोघांना आमच्याच गावात आणलं. देवळातली घंटा चोरून चोर पळतो तो थेट आमच्या घरात शिरतो आणि धान्याच्या पेवात उतरतो. पत्र्या आणि अर्ध्या दारात येतात. इथवर छान चाललं होतं. संध्याकाळची वेळ, अव्वा भाकऱ्या थापत होती, आणि आम्ही तिच्यापासून चार हातांवर. बसू म्हणाला, पत्र्याला घरात घेतात, कारण तो भांड्यासारखा आहे. अव्वा त्याला चिंच आणि राख लावून घासते आणि आत सोडते. अव्वाला हसू आलं, मलाही. पण पत्र्या आत जाऊन नुसता उभा राहतो. त्याला सांगितल्याशिवाय काही करता येत नाही, आणि सांगणारा अर्ध्या बाहेरच, त्याच्या पायात बूट.

मी म्हटलं, त्याला माळवदावरून उतरव, छपरातल्या झरोक्यातून. बसू म्हणाला, "तिथं पण घर अव्वाचंच हाय."

अव्वाचा हात थांबला नाही. तिनं परातीकडं बघतच विचारलं, "मग तो बाहेर करतो काय?"

"बसतो. पायरीवर."

"चोर?"

"चोर पळून जातो. तरी तो बसतो."

"त्यानं बूट काढून आत यावं की," अव्वा म्हणाली.

"तो बूट न्हाय अव्वा," बसू म्हणाला, अगदी समजुतीच्या सुरात, लहान पोराला सांगावं तसं. "त्यो पाय हाय. बुटासारखा दिसतो फकस्त."

तव्यावरची भाकरी करपली. अव्वाची भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. तिनं ती उतरवली, बाजूला ठेवली, आणि दुसरी थापायला घेतली. मी चित्रात अर्ध्याला पायरीवर बसवला, आणि बसूनं सांगितल्याप्रमाणं त्याचं तोंड घराकडं केलं.

पुढचे दोन दिवस अव्वा दुपारची शिवत बसलेली दिसली. साखरेच्या पोत्याच्या आतलं पांढरं कापड तिनं उकळून घेतलं होतं आणि त्याची काहीतरी खोळ शिवत होती. सोमवारी सकाळी पूजा झाली आणि ती चुलीकडं न जाता बाहेर गेली. खुंटीवरचा आधार काढला. ओल्या फडक्यानं बूट पुसला, तळ पुसला, पट्ट्यांवरचा गंज तेलानं काढला. मग ती पांढरी खोळ बुटावर चढवून नाडीनं बांधली. शेवटी विभूतीत तीन बोटं बुडवून तिनं त्या लोखंडी पट्टीवर ओढली, जशी आमच्या कपाळावर ओढायची तशी. बसूला पायरीवर बसवून स्वतः पट्टे आवळले, कडी लावली, आणि ती उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली. म्हणाली, ये.

बसू येईना. त्याला वाटलं ही परीक्षा आहे. त्यानं माझ्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. अप्पा तागडी तशीच लटकत ठेवून दुकानातून उठून आले होते, आणि गिऱ्हाईकही त्यांच्या मागं येऊन उभं राहिलं होतं. अव्वा परत म्हणाली, ये माझ्या राजा. मग त्यानं चौकटीला धरलं, पाय उचलला, आणि आमच्या घरातल्या शहाबादी फरशीवर पहिल्यांदा तो आवाज झाला. खट, खोळीमुळं जरा दबका. तो चुलीपर्यंत चालत गेला. घरातल्या कोनाड्यात काय ठेवलेलं असतं ते त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा उभ्यानं बघितलं. अव्वानं पदर तोंडाला लावला. अप्पा उगाच गिऱ्हाइकावर ओरडले, तुला काय पायजे रं, म्हणून.

तेवढ्यावर भागेल ती अव्वा कसली. डोक्यावर पदर घेऊन ती आमच्याबरोबर शाळेकडं निघाली. ती शाळेत कधी आली नव्हती; वाटेत बायका दारात येऊन बघत होत्या. मी मात्र दोन पावलं मागं राहत होते, आणि का ते मला चांगलं ठाऊक होतं. वर्गाच्या दाराशी गुरुजी वहाणा काढतच होते. अव्वा त्यांच्यासमोर उभी राहिली. परक्या माणसाशी ती कधी वर बघून बोलायची नाही, तशी तेव्हाही बोलली नाही, पण आवाज सगळ्या वर्गाला ऐकू गेला.

"गुरुजी, तुमी वर्गात येताना पाय बाहेर काढून ठिवता का?"

गुरुजी गोंधळले. तिनं बसूच्या पायाकडं बोट केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचं तोंड एकदम उतरलं. हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी कधीच काढायला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी पोरगं दारात काढूनच आत आलं. मला वाटलं, तुमच्या घरची रीत असेल. दुसऱ्याच्या घरची रीत आपण कशाला मोडायची."

घरून निघताना अव्वानं भांडायला कंबर कसली होती, आणि आता भांडायला समोर कुणीच नव्हतं. मग तिनं बसूला विचारलं, की तुला कुणी सांगितलं होतं रं काढायला.

सांगितलं होतं मी. पहिल्या दिवशी दारात मीच म्हणाले होते, गुरुजींनी बाहेर काढून ठेवायला सांगितलंय. गुरुजींशी मी बोलले नव्हते. घरात बूट बाहेर तर शाळेतही बाहेर, असं मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला समजावलं, आणि त्यात थोडं खरंही आहे. आमच्या घरातल्या कुठल्याही पोरानं तेच केलं असतं. पण सगळं खरं ते नव्हे. वाटेनं येताना त्या आवाजाला लोक वळून बघत होते. हा आवाज आता वर्गात येणार आणि सगळे माझ्याकडं बघणार, ह्याची मला लाज वाटली. त्या लाजेपायी माझा भाऊ दीड वर्ष वर्गात जमिनीवरून सरकत आला आणि गेला.

बसूला हे माहीत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अव्वाला म्हणाला, "कुणी न्हाय. म्याच काढला हुता."

गुरुजी म्हणाले, चला, हजेरी घेऊ. बसू उंबरा ओलांडून आत आला, पोरांच्या रांगेमधून चालत आपल्या जागेवर गेला. हसलं कुणी नाही, पण ते अव्वा दारात उभी होती म्हणूनही असेल. नाव पुकारलं की उभं राहून हजर म्हणायचं असा नियम होता, आणि बसू आजवर ते बसूनच म्हणत आला होता. गुरुजींनी त्याचं नाव घेतलं. त्यानं भिंतीला एक हात लावला, कडी लावली, उठून सरळ उभा राहिला आणि म्हणाला, हजर. गुरुजींनी मान वर करून त्याच्याकडं नीट बघितलं आणि मग हजेरीपुस्तकात टिंब दिलं. ते त्याला खाली बस म्हणायचं विसरले, म्हणून तो उभाच राहिला.

दुसरी संपली, चौथी सुरू झाली. माझं नाव आलं. मी उठले. हजर हा शब्द काही तोंडातून निघेना. गुरुजींनी परत नाव घेतलं. मी म्हणाले, "म्या सांगितलं हुतं, गुरुजी. त्यानं न्हाय काढला. म्या काढायला लावला."

दारात अव्वा होती, तिनं ऐकलं. मी वर बघायला धजावले नाही, माझे डोळे वाहत होते आणि पुसायचं सुचत नव्हतं. पलीकडून खट असा आवाज आला. बसू भिंतीवरचा हात सोडून माझ्या बाजूला वळला होता. गुरुजींनी माझ्या नावापुढं टिंब दिलं, आणि "बसा दोघं" म्हणाले. तोवर आम्ही दोघं उभे होतो.